जुनी रोझेनवाल्ड शाळा गावासाठी पुन्हा उघडायची असेल तर

नॉर्थ कॅरोलायनातल्या राले शहरातून पूर्वेला तासभर गाडी चालवली की रताळ्याची आणि तंबाखूची शेतं लागतात. मधेच कुठेतरी, पाइनच्या झाडांच्या आडोशाला, एखादी लांबट लाकडी इमारत दिसते. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं, पत्र्यावर वेल चढलेला. येणारा-जाणारा तिला गोदाम समजतो. मीही समजले होते. जवळ जाऊन पाहिलं तर एकाच भिंतीला पाच खिडक्या एकमेकींना चिकटून, जवळजवळ छतापर्यंत उंच. गोदामाला इतका उजेड कोण ठेवतो?

ती रोझेनवाल्ड शाळा होती. वर्णभेदाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, आणि काळ्या मुलांच्या शाळेसाठी सरकारी तिजोरीतून फारसं काही निघत नसे. अलाबामातल्या टस्कीगी इथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१२ मध्ये सीअर्स, रोबक कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांना खेड्यापाड्यांत शाळा बांधायला राजी केलं. पहिली शाळा १९१३ मध्ये अलाबामातल्या लोचापोकाला उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले होते. १९३२ पर्यंत १५ राज्यांत शाळा, शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा मिळून ५,३५७ इमारती झाल्या. सगळ्यात जास्त, आठशेच्या वर, आमच्या नॉर्थ कॅरोलायनात.

पण पैसा एकट्या रोझेनवाल्ड यांचा नव्हता. त्यांचा फंड काही भाग देणार, उरलेलं सरकारने आणि गावाने उभं करायचं, अशी अट होती. जमीन, लाकूड, अंगमेहनत आणि रोकड धरून काळ्या समाजाने ४७ लाख डॉलर घातले, फंडाने ४३ लाख. कर तर ते भरतच होते, म्हणजे एकाच शाळेसाठी दोनदा दिले. हा आकडा मी आधी सांगते, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं. इमारत कोणाच्या कष्टाची आहे हे एकदा मनात बसलं की आतली वस्तू उचलून कचऱ्यात टाकायला हात धजत नाही.

मी मूळची कराडची, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. गेली सात वर्षं जवळजवळ दर शनिवारी अशाच एका दोन-वर्गी शाळेवर काम केलं. गावाचं नाव देत नाही, तिथल्या वयस्कर मंडळींना अनोळखी माणसांची वर्दळ नको आहे. अटलांटा आणि रिचमंडकडच्या काही मराठी मंडळींनी आपल्याही जवळ अशी शाळा आहे, काय करता येईल, असं विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी माणसं, मग टेप

पहिल्या दिवशी मी टेप, टॉर्च आणि वही घेऊन गेले. चूक केली. शेजारच्या चर्चमधून एक आजी काठी टेकत आल्या. १९४० च्या दशकात त्या याच शाळेत शिकल्या होत्या. त्यांनी विचारलं, “तुझं इथे काय काम?” प्रश्नात राग नव्हता, पण उत्तर हवं होतं. मी सांगितलं, माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेच्या ओट्यावर बसून शिकले, वर्गात त्यांना घेत नसत. मास्तर त्यांची पाटी हातात न घेता लांबूनच तपासत. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “टेप ठेव खाली. आधी ऐक.”

तेव्हा तुम्हीही आधी ऐका. त्या शाळेत शिकलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि छप्पर अजून एक हिवाळा काढेल, पण माणसांचं सांगता येत नाही. त्यांना शाळेतच घेऊन जा, खुर्ची द्या, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि “तुम्ही कुठे बसायचा?” एवढंच विचारा. शेगडी कुठे होती, लाकडं कोण आणायचं, पाण्याची बादली कोणत्या कोपऱ्यात, गोऱ्या मुलांच्या शाळेतून आलेल्या जुन्या पुस्तकांवर कोणाची नावं असायची, हे सगळं आपोआप निघतं. एका सकाळी मिळालेल्या माहितीवर मी नंतर अख्खा नकाशा दुरुस्त केला. जिथे मी मागचं दार धरलं होतं तिथे कधी दारच नव्हतं.

आणि निर्णय घेणारी समिती याच लोकांची असू द्या. मदतीला गेलेल्याने समितीचा अध्यक्ष होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद

इमारत खरोखर रोझेनवाल्ड आहे का, हे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या संग्रहातून कळतं. फंडाने प्रत्येक इमारतीचं एक कार्ड ठेवलं होतं. ती कार्डं आणि बऱ्याच शाळांचे जुने फोटो ऑनलाइन बघता येतात. राज्य आणि काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) टाकून शोधा. कार्डावर जमीन किती एकर, किती शिक्षकी शाळा, एकूण खर्च, आणि तो काळ्या समाजाने, गोऱ्या समाजाने, सरकारने आणि फंडाने किती किती उचलला, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. नाव जुळलं नाही तर निराश होऊ नका, शाळा बऱ्याचदा जवळच्या चर्चच्या किंवा ओढ्याच्या नावाने नोंदलेली असते.

मालकी ही खरी डोकेदुखी. शाळा बंद पडल्यावर शिक्षण मंडळांनी इमारती लिलावात काढल्या, काही चर्चला गेल्या, काही शेतकऱ्यांनी गवत ठेवायला घेतल्या. जमीन मूळ कुणा काळ्या शेतकऱ्याने दिलेली असेल आणि पुढे मृत्युपत्र झालं नसेल, तर ती सगळ्या वारसांच्या सामाईक नावावर राहते. आपल्याकडे सातबाऱ्यावर बावीस नावं असतात आणि त्यातली सात मुंबईत, दोन दुबईत, तसंच समजा. काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात बसून खरेदीखतांची साखळी मागे नेत जा, आणि वकिलाला पैसे द्यायचेच असतील तर ते इथे द्या. मालकी स्वच्छ नसेल तर एकही अनुदान मिळत नाही, आणि दुरुस्ती झाल्यावर एखादा दूरचा वारस आपला हिस्सा बाहेरच्याला विकून सगळ्यांना कोर्टात खेचू शकतो. संस्था ना-नफा म्हणून नोंदवून घ्या. इमारत विकत मिळत नसेल तर निदान २५-३० वर्षांचा भाडेकरार लेखी करा.

पाणी

रंगापासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. फोटो छान येतात, देणगीदार खूश होतात. पण लाकडी इमारत पाण्याने मरते, म्हणून पैसा नसेल तेव्हा फक्त पाणी अडवा. छपरावर जाड ताडपत्री पट्ट्या ठोकून घट्ट बसवा, भिंतीलगतची झाडं-वेल बुंध्याशी कापा (ओढून काढू नका, फळ्या उचकटतात), आणि खिडक्यांवरच्या प्लायवूडला जाळी लावून हवेला वाट ठेवा. पूर्ण बंद केलेली इमारत आतून घामेजते आणि बुरशी धरते. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या फुकट मिळणाऱ्या पुस्तिकांमध्ये ३१ वी नेमकी याच विषयावर आहे, ती आधी वाचा.

मग खाली वाका. या शाळा विटांच्या बुटक्या खांबांवर उभ्या आहेत, खालून हवा खेळावी म्हणून. खांबांवर आडवी बसलेली जाड तुळई, जिला इथे सिल म्हणतात, तीच सगळ्यात आधी कुजते. जाड टोचा घ्या आणि दर फुटावर टोचत जा. चांगल्या लाकडात टोक पाव इंचही जात नाही, कुजक्यात लोण्यासारखं घुसतं. वाळवीने पोखरलेलं लाकूड बाहेरून अगदी साबूत दिसतं, म्हणून हातोडीने ठोकून आवाजही ऐका. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने फुली.

आमच्या शाळेची ईशान्य बाजू पावणेदोन इंच खचली होती. जॅक लावून ती उचलताना घाई केली तर वरच्या भिंतींना तडे जातात आणि काचा फुटतात. आम्ही एका वेळी इंचाचा आठवा भाग उचलायचो, मग थांबायचो, सात-आठ दिवसांनी पुढचा. साडेतीन महिने लागले. हे काम इंजिनिअर आणि अनुभवी मिस्त्री दोघांच्या देखरेखीशिवाय करू नका. तुळई अख्खी बदलायची गरज क्वचितच असते. कुजलेला भाग चौकोनी कापून त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ बसवता येतं. जुनं लाकूड बहुधा लाँगलीफ पाइनच्या गाभ्याचं आहे, दाट नसांचं, राळेने भरलेलं. आज लाकडाच्या दुकानात तसं मिळत नाही, म्हणून आजूबाजूला पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांवर लक्ष ठेवा.

विटांच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरताना नुसत्या सिमेंटचा माल वापरू देऊ नका. जुनी वीट मऊ असते. तिच्यापेक्षा कडक मालाने दर्जा भरल्या तर ओल विटेतूनच बाहेर पडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुन्याचं प्रमाण जास्त असलेला माल हवा. माल विटेपेक्षा मऊ असला पाहिजे हा नियम वाड्यांच्या दुरुस्तीतही आहे, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा.

खिडक्या

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण शाळेचा जीव खिडक्यांत आहे.

१९२० पासून फंडाचं काम नॅशव्हिलहून सॅम्युएल एल. स्मिथ बघत. त्यांच्या कार्यालयाने शाळांचे तयार नकाशे छापून गावोगावी दिले. वीज नव्हती, म्हणून अख्खा नकाशा उजेडाभोवती रचलेला. वर्गाला उजेड पूर्वेचा किंवा पश्चिमेचाच मिळाला पाहिजे. त्यासाठी कोणत्या दिशेला तोंड असेल तर कोणता नकाशा, हेही ठरलेलं. प्लॅन नंबर २० या दोन-शिक्षकी शाळेच्या नकाशावर तर लिहिलेलंच आहे की तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला हवं. बाकं अशी मांडायची की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून येईल आणि लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर पडणार नाही. गरिबातल्या गरीब वस्तीतल्या मुलाच्या वहीवर सावली पडू नये, याचा विचार कुणीतरी कागदावर आखून केला होता. मला हे कळलं तेव्हा मी रिकाम्या वर्गात बराच वेळ उभी होते.

म्हणून कोणी नव्या प्लॅस्टिकच्या खिडक्या फुकट देतो म्हणालं तरी नम्रपणे नाही म्हणा. आम्हाला तशी देणगी खरंच चालून आली होती. प्लॅस्टिकची खिडकी बिघडली की फेकावी लागते, जुनी लाकडी खिडकी सुट्या भागांची आहे आणि प्रत्येक भाग दुरुस्त होतो. शिवाय मूळ खिडक्या गेल्या तर ऐतिहासिक नोंदणीत अडचण येते.

वर-खाली सरकणाऱ्या झडपा आधी क्रमांक घालून काढा: भिंत, खिडकी, वरची की खालची. झडपेच्या कडेला, जिथे रंग येणार नाही, तिथे नंबर कोरा. काचेभोवतीची वाळलेली लांबी (पुट्टी) पटाशीने उकरली तर काच जाते. वाफेच्या पेटीत तासभर झडप ठेवली की लांबी मऊ होऊन पट्टीसारखी निघते. आमची पेटी प्लायवूडची आणि भिंतीवरचा कागद काढायच्या वाफेच्या यंत्राची, घरी केलेली. जुनी काच किंचित लहरी असते, ती पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून उभी ठेवा, आडवी नको. लाकूड सुकलं की जवसाच्या तेलाचा एक हात, मग काच, मग तेलातली नवी लांबी, तिच्यावर साय धरेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबून रंग. रंग लांबीवरून काचेवर केसभर चढला पाहिजे, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. दोरी तुटलेली असते, पण चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजनं बहुधा तशीच लटकलेली सापडतात. सुती दोरी नवी घातली की सत्तर वर्षं न हललेली झडप एका बोटाने वर जाते. पहिली झडप बसवल्यावर आजींनी ती स्वतः वर-खाली केली. पाच वेळा.

शिशाचं सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, या शाळांत तर ते धरूनच चाला. कोरडं घासू नका, जाळू नका, आणि गरम हवेचं यंत्र ११०० अंश फॅरनहाइटच्या वर वापरायला मनाई आहे. पाणी मारून ओलं खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम वापरा, कामाचे कपडे घरी नेऊ नका. सहा वर्षांखालची मुलं नियमित येणार असतील तर प्रमाणपत्र असलेल्या कंपनीकडूनच हे काम करून घ्यावं लागतं. स्वयंसेवक म्हणून शाळकरी मुलं येतात. त्यांना खरवडायला कधीही बसवू नका, त्यांच्याकडून नंबर लिहून घ्या.

खिळे

आमच्या हातून एक नुकसान झालं ते सांगते. आतल्या कामाला एक ठेकेदार लावला होता. मी त्या आठवड्यात भारतात होते. परत आले तर कोट अडकवायच्या खोलीची भिंत गुळगुळीत. जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर ओळीने ठोकलेले बारा-तेरा लांब खिळे त्यांनी “गंजके खिळे” म्हणून उपटले होते. आजींनी पहिल्याच भेटीत त्यातला दारापासून चौथा मला दाखवला होता. त्यांचा कोट तिथे असायचा.

खिळे कचऱ्याच्या डब्यात सापडले, नऊ. भोकं भिंतीत होतीच. एका शनिवारी आजी खुर्चीत बसल्या आणि आम्ही खिळे ऐरणीवर सरळ करून एकेक ठोकले. चौथा त्यांनी आपल्या हाताने धरला, मी हातोडी मारली. तेव्हापासून माझा नियम: काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, आणि जे राहायला हवं त्यावर निळी चिकटपट्टी. करारात एक ओळ घाला की समितीच्या सहीशिवाय एकही वस्तू आवाराबाहेर जाणार नाही. लिहायचे काळे फळे, घडीचे दरवाजे, भिंतीच्या खालच्या भागाचं लाकडी अस्तर, शेगडीच्या धुराड्याचं भोक, ठेकेदाराला हे सगळं भंगार वाटू शकतं.

दोन वर्गांमधल्या घडीच्या दारांची खास काळजी घ्या. ती उघडली की दोन वर्गांचं एक सभागृह होतं. हे नंतर कुणी जोडलेलं नाही, मूळ नकाशातच आहे. गावाने संध्याकाळी जमावं, म्हणून तर त्या नकाशांना सामुदायिक शाळेचे नकाशे म्हणत. शाळा गावाच्या वापराला देताना तिच्यावर आपण काही नवं लादत नाही.

रंगासाठी खिडकीच्या चौकटीवर एखादी झाकलेली जागा बघून, शिशाबद्दल वर सांगितलेली काळजी घेऊनच, ओल्या पॉलिश पेपरने रुपयाएवढं गोल घासा. थर झाडाच्या वलयांसारखे दिसतात. सगळ्यात आतला खरा. बाहेरून पांढरा आणि राखाडी पट्ट्या, किंवा तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्या, असे रंग त्या नकाशांत सुचवलेले होते. आमची तपकिरी निघाली. अर्ध्या गावाला ती पांढरीच आठवत होती, म्हणून दोन बैठका वादात गेल्या आणि शेवटी तपकिरी ठरली.

नव्या सोयी कमीत कमी दिसतील अशा करा. मूळ शाळांची शौचालयं बाहेर होती. आता ती आत हवीत, तर वर्ग न तोडता मागच्या छोट्या खोलीत बसवा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे अडीच फूट उंचीला तीस फूट लांब उतार आणि वर-खाली सपाट जागा. तो बाजूने आणा, दर्शनी पायऱ्या राहू द्या. उष्णतारोधक थर माळ्यावर आणि जमिनीखाली घाला, भिंतींच्या पोकळीत नको, तिथे ओल अडकते. आणि नकाशा मंजुरीला देण्याआधी एका वेळी किती माणसं बसणार ते ठरवा. पन्नासच्या आत राहिलात तर बहुतेक ठिकाणी बांधकामाचे नियम बरेच सौम्य असतात. पन्नास झाले की बाहेर पडायची दोन दारं आणि बाकीची यादी सुरू होते.

पैसे

राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयात आधी फोन करा. तिथली मंडळी मोकळेपणाने मदत करतात. ऐतिहासिक स्थळांच्या देशपातळीवरच्या यादीत, म्हणजे नॅशनल रजिस्टरमध्ये, नोंद झाली की अनुदानाचे दरवाजे उघडतात, आणि नुसत्या नोंदीने खासगी मालकावर बंधनं येत नाहीत. ती येतील अशी भीती गावात सगळ्यांना असते, ती आधी काढा. केंद्राची २० टक्के करसवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी आहे, ना-नफा संस्थेला ती थेट क्वचितच उपयोगी पडते, तिच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडू नका. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २००२ मध्ये रोझेनवाल्ड शाळांना देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ वारसास्थळांच्या यादीत घातलं, आणि २०१७ पासून त्यांचा आफ्रिकन अमेरिकन वारशासाठी वेगळा निधी आहे. तिथे अर्ज करा, पण उत्तराला वेळ लागतो हे धरून चाला.

तोवर गावाचीच रीत चालवा. १९२० च्या दशकात बायका जेवणाचे डबे सजवून त्यांचा लिलाव करत आणि त्या पैशांतून शाळेचं लाकूड यायचं. आम्ही मासे तळून विकले. आमच्या मराठी मंडळाने शेजारी बटाटेवड्यांचा स्टॉल लावला, आणि त्या दोन शनिवारांत मागच्या बाजूच्या पन्हळींचे पैसे जमले.

किल्ली

इमारत कशासाठी वापरायची हे दुरुस्ती संपल्यावर ठरवू म्हणाल तर ती पुन्हा बंद पडेल. व्हर्जिनियातल्या रॅपहॅनॉक काउंटीतल्या स्क्रॅबल शाळेत आज ज्येष्ठांचं केंद्र भरतं आणि तिथेच वारसा प्रदर्शन आहे. जॉर्जियातल्या कॅसव्हिलची नोबल हिल शाळा सांस्कृतिक केंद्र झाली. दोन्हीकडे ठरलेल्या दिवशी दार उघडणारं कुणीतरी आहे. नुसतं संग्रहालय केलं तर लोक एकदा येऊन जातात. आमच्याकडे मंगळवारी ज्येष्ठांचं जेवण, बुधवारी आणि गुरुवारी मुलांचा अभ्यासवर्ग, रविवारी चर्चनंतर ज्याला हवं त्याला सभागृह. बाकं मी पुन्हा डावीकडून उजेड येईल अशीच मांडली आहेत.

किल्ल्या तीन. एक चर्चमध्ये, एक समितीच्या खजिनदाराकडे, एक रस्त्यापलीकडच्या घरी, जिथून छप्पर दिसतं. त्याच घरच्या मुलाला आम्ही वर्षातून दोनदा पन्हळी साफ करायचे चाळीस डॉलर देतो: पाइनच्या सुया गळून झाल्या की डिसेंबरात, आणि मे महिन्यात वादळं सुरू व्हायच्या आत. त्यानंतर तो टोचा घेऊन खाली वाकतो, ईशान्येच्या कोपऱ्यापासून दर फुटावर टोचत जातो आणि वहीत तारीख लिहितो.